जुने गाजलेले डीजे मिक्स ऐकायचेत? कुठून सुरुवात करायची, खरी फाइल कशी ओळखायची, ऐकायचं कसं

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक आवडायला लागलं की कधी ना कधी कोणीतरी सांगतंच, अरे ९४चा तो मिक्स ऐक, २००१ची ती सीडी ऐक. मग आपण सर्च मारतो आणि एकाच नावाच्या दहा फाइल समोर येतात, कोणती दोन तासांची, कोणती ७४ मिनिटांची, कोणती बारा तुकड्यांत, एखादी मधेच म्यूट झालेली. त्यातली हाताला लागेल ती उघडायची, वीस मिनिटं ऐकायची, ठीक आहे म्हणायचं आणि सोडून द्यायचं, नव्या लोकांचं हे कायम होतं. याचं वाईट वाटतं, कारण मिक्स खरंच जबरदस्त असतो, पण तो त्यांच्यापर्यंत धड पोचलेलाच नसतो. मी बरीच वर्षं हे मिक्स शोधतोय, ऐकतोय, जपून ठेवतोय, तर जे जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच पक्की करा. मिक्स ही एक सलग रचना आहे, डीजेने कुठला ट्रॅक कशाच्या नंतर आणि नेमका कितव्या मिनिटाला आणला यातच त्याचं सगळं कसब असतं, त्यामुळे मधले तुकडे ऐकून त्याबद्दल मत बनवू नका. खालच्या सगळ्या पायऱ्या, अगदी प्लेयरच्या सेटिंगसुद्धा, याच एका कारणासाठी आहेत.

काय काय लागेल

- बेस नीट ऐकू येईल असे हेडफोन किंवा स्पीकर. महाग नसले तरी चालतील, पण फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर नको, खालचा बेस त्यात येतच नाही आणि डीजेचं निम्मं काम तिथेच चाललेलं असतं.
- गॅपलेस वाजवणारा, म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे खंड न पाडणारा प्लेयर. कॉम्प्युटरवर फूबार२००० फुकट आहे आणि पुरेसा आहे.
- स्पेक नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर, फाइलची क्वालिटी बघायला.
- डिस्कॉग्स, मिक्सेसडीबी आणि १००१ट्रॅकलिस्ट्स या तीन साइट, सीडी आणि मिक्सची माहिती शोधायला.
- वही किंवा नोट्सचं ॲप.
- सलग दीड-दोन तास, ज्यात कोणी हाक मारणार नाही.

१. आधी समोर काय आलंय ते ओळखा

मिक्स म्हणून जे मिळतं ते ढोबळमानाने चार प्रकारचं असतं आणि प्रत्येकाकडून अपेक्षा वेगळी ठेवावी लागते.

पहिला प्रकार मिक्स सीडीचा. स्टुडिओत बसून बनवलेली, प्रत्येक ट्रॅकची परवानगी घेतलेली, आवाज स्वच्छ. ९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षं हा प्रकार अगदी भरात होता. !के७ लेबलची डीजे-किक्स ही मिक्स सीडींची मालिका १९९५मध्ये सुरू झाली, ग्लोबल अंडरग्राउंड ही मालिका १९९६मध्ये आणि लंडनच्या फॅब्रिक क्लबची स्वतःची मालिका २००१मध्ये. दुसरा रेडिओ मिक्स. यात बीबीसी रेडिओ १चा इसेन्शियल मिक्स सगळ्यांचा बाप, पीट टाँगने १९९३च्या ऑक्टोबरात सुरू केला आणि दोन तासांचा असतो. तिसरा क्लबमधलं किंवा फेस्टिव्हलमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग, २०१०ला सुरू झालेल्या बॉइलर रूमचे व्हिडिओ यातच धरा. चौथा पॉडकास्ट, उदाहरणार्थ रेसिडेंट ॲडव्हायझर या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या साइटचा, तो २००६पासून चालू आहे.

इथे नवीन माणूस हमखास फसतो अशा दोन-तीन जागा आहेत. सर्चमध्ये 'ओरिजिनल मिक्स', 'एक्स्टेंडेड मिक्स', 'क्लब मिक्स' असं दिसलं तर तो एकाच गाण्याचा एक अवतार असतो, सहा-आठ मिनिटांचा, डीजे मिक्स नव्हे. 'लाइव्ह' शब्दाचंही तसंच, लाइव्ह सेट म्हणजे कलाकार स्वतःचंच संगीत मशीनवर तिथल्या तिथे घडवतोय, आणि डीजे सेट म्हणजे वेगवेगळ्या लोकांचे ट्रॅक जोडतोय. आणि सीडीवर शहराचं नाव दिसलं म्हणून ती त्या शहरातल्या क्लबात रेकॉर्ड झाली असं धरून चालू नका, ग्लोबल अंडरग्राउंडच्या बऱ्याच सीडी त्या शहरातल्या रात्रीवरून नंतर स्टुडिओत बसवलेल्या आहेत, म्हणून तर त्यात गर्दीचा आवाज येत नाही.

२. सुरुवात या मिक्सपासून करा

'सर्वकालीन शंभर' वगैरे याद्यांच्या नादाला सध्या लागू नका. शंभर मिक्स डाउनलोड करून ठेवले की एकही नीट ऐकून होत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत खालचे ऐका, आणि शक्यतो याच क्रमाने, कारण क्रम मी कान हळूहळू तयार व्हावा असा लावलाय.

क्रूडर आणि डॉर्फमायस्टर, डीजे-किक्स, १९९६. व्हिएन्नाची ही जोडी. वेग कमी, बेस जाड, धूर भरलेल्या खोलीत बसल्यासारखा सगळा माहोल, मधे मधे ड्रम अँड बेस, म्हणजे वेगवान तुटक तालाचा प्रकार, येऊन जातो. ज्याला चार तास एकसारखी किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, सहन होईल का अशी धास्ती वाटते त्याने इथूनच सुरू करावं, घाबरायचं कारण उरत नाही.

साशा आणि जॉन डिग्वीड, नॉर्दर्न एक्स्पोजर, १९९६. दोन सीडी आहेत, एक उत्तर, एक दक्षिण. जोडकाम शिकायचं असेल तर याच्यासारखा गुरू नाही. ट्रॅक कधी बदलला ते कळतच नाही, दोन-दोन मिनिटं दोन ट्रॅक एकमेकांत मिसळून चालू असतात आणि आपल्याला वाटतं हे एकच गाणं आहे. सुरुवात फार संथ आहे, तिथे कंटाळून पुढे ढकलू नका, शेवटच्या भागात जी उंची येते ती त्या संथपणाच्या जोरावरच.

पॉल ओकेनफोल्ड, गोवा मिक्स. इसेन्शियल मिक्समध्ये १८ डिसेंबर १९९४ला वाजला. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमधून घडलेला ट्रान्स आणि त्याला जोडून सिनेमाचं पार्श्वसंगीत, असं तोवर रेडिओवर कोणी दोन तास करत नव्हतं. आज ऐकताना काही आवाज जुने वाटतील, पण जिथे बीट पूर्ण थांबतो आणि नुसतं वाद्यवृंदासारखं काहीतरी भरून येतं त्या जागा अजूनही अंगावर येतात. मला विचाराल तर हा रात्री, दिवे घालवून ऐकायचा मिक्स आहे.

कोल्डकट, जर्नीज बाय डीजे, १९९५. सत्तर मिनिटांत हिप हॉप, जंगल (हा ड्रम अँड बेसच्या जवळचा प्रकार), टेक्नो, लोकांची बोलणी, जुन्या रेकॉर्डवरचे आवाज, सगळं. वेग सतत बदलतो. साशा-डिग्वीडच्या अगदी उलट टोक, आणि म्हणूनच त्यांच्या पाठोपाठ ऐकायचा.

जेफ मिल्स, लाइव्ह ॲट द लिक्विड रूम टोकियो. १९९५च्या ऑक्टोबरात रेकॉर्ड झाला, १९९६ला बाहेर आला. इथपर्यंत कान तयार झाला असेल तरच याला हात घाला. तीन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवायची मशीन), विनाइल म्हणजे जुन्या तबकड्या, ट्रॅक मिनिट-दोन मिनिटांत बदलतायत, गर्दी ओरडतेय, मधे रेकॉर्ड जरा इकडेतिकडे सरकते ते पण ऐकू येतं. स्टुडिओच्या स्वच्छ सीडीनंतर हे खरखरीत वाटेल, पण माणूस प्रत्यक्ष हाताने हे करतोय याची जी धग आहे ती दुसरीकडे क्वचितच सापडते. माझ्या यादीत हा पहिल्या नंबरवर आहे आणि तिथून हलण्याची शक्यता वाटत नाही.

पुढे जायचं तर वाटा दोन. एक तंत्राची, रिची हॉटिनची डीई९ क्लोजर टू द एडिट, २००१, शंभरहून जास्त ट्रॅकचे बारीक तुकडे कापून कॉम्प्युटरवर नव्याने विणलेली, आणि रिकार्डो व्हिलालोबोसची फॅब्रिक ३६, २००७, ज्यात सगळं संगीत त्याचं स्वतःचं आहे. दुसरी वाट मनाची, म्हणजे निकोलस जारचा २०१२चा इसेन्शियल मिक्स. सुरुवातीला बराच वेळ नाचण्यासारखं काहीच नाही आणि तरी दोन तास उठवत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम इसेन्शियल मिक्स म्हणून तोच निवडला गेला होता.

आणि हे सगळं आलं कुठून असा प्रश्न पडला तर न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराजमधलं लॅरी लेव्हनचं रेकॉर्डिंग ऐका, वाजवलं १९७९ला, अधिकृतपणे निघालं २०००ला. डिस्को आहे, हाउस हा प्रकार अजून जन्मायचा होता, पण डीजे रात्रभराचा प्रवास कसा आखतो ते त्यात स्पष्ट दिसतं.

३. बरोबर फाइल शोधा

सगळ्यात जास्त गोंधळ याच पायरीवर होतो, तेव्हा घाई करू नका.

आधी डिस्कॉग्सवर जा, मिक्स सीडी असेल तर तिथे ट्रॅकलिस्ट, लांबी, कोणत्या देशात कोणती आवृत्ती निघाली हे सगळं मिळतं. परवानग्यांच्या भानगडीमुळे एकाच सीडीच्या दोन देशांतल्या आवृत्त्यांत ट्रॅक वेगळे असू शकतात. रेडिओ मिक्स किंवा पॉडकास्ट असेल तर मिक्सेसडीबी बघा, तिथे तारीख आणि लांबी असते. आता तुम्हाला मिळालेल्या फाइलची लांबी याच्याशी ताडून बघा. दोन तासांचा इसेन्शियल मिक्स १ तास ३१ मिनिटांचा मिळाला तर काहीतरी कापलंय, कदाचित कॅसेटची एक बाजू संपून दुसरी लावेपर्यंतचा भागच गायब आहे.

स्ट्रीमिंगवर एक मोठा सापळा आहे. मिक्स सीडी शोधलीत की अल्बम दिसतो, ट्रॅक दिसतात, आपण खूश. पण कित्येकदा ते सुटे, न जोडलेले मूळ ट्रॅक असतात आणि खरा मिक्स अल्बमच्या अगदी शेवटी 'कंटिन्युअस मिक्स' नावाच्या एका लांबलचक फाइलमध्ये असतो. तोच वाजवायचा. ती लांब फाइल नसेल आणि ट्रॅक एकमेकांत मिसळत नसतील तर तुम्ही मिक्स ऐकलेलाच नाही, फक्त त्यातली गाणी ऐकलीत. काही ट्रॅक राखाडी दिसत असतील तर त्यांचे हक्क संपलेत किंवा तुमच्या देशात नाहीत, मग तो अल्बम अर्धवट आहे असं समजा आणि जुनी सीडी मिळते का बघा. जुन्या सीडी सेकंडहँड बाजारात अजून फिरतात आणि मिक्सच्या बाबतीत सीडी हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

व्हिडिओ साइटवर 'ट्रान्स मिक्स १९९५' असं नाव आणि खाली निऑन रंगाचं चित्र दिसलं तर जरा थांबा. डीजेचं नाव नाही, तारीख नाही, जागा नाही, तर बहुतेक वेळा तो कोणीतरी आत्ता जुनी गाणी जोडून केलेला असतो. ऐकायला हरकत काहीच नाही, पण १९९५मध्ये लोक काय वाजवत होते ते त्यातून कळणार नाही.

आता क्वालिटी. साधा हिशोब लक्षात ठेवा, केबीपीएस म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती डेटा वापरलाय ते, दोन तासांची १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण ११५ एमबीची होते आणि ३२०ची साधारण २९० एमबीची. पण नुसत्या साइजवर जाऊ नका, १२८ची फाइल कोणीही पुन्हा ३२० करून फुगवू शकतो आणि गेलेला आवाज काही परत येत नाही. म्हणून फाइल स्पेकमध्ये टाका. रंगीत आलेख येतो, खाली बेस आणि वर बारीक आवाज, त्यात रंग वरच्या बाजूला साधारण १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा सपाट संपत असेल तर मूळ फाइल १२८ची होती. खऱ्या ३२०मध्ये तो २०च्या आसपास जातो. याला एक अपवाद आहे आणि तो माहीत नसल्यामुळे लोक चांगल्या फाइल डिलीट करून बसतात: एफएम रेडिओवरच आवाज साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंत येतो. म्हणजे ९४चा रेडिओ मिक्स तिथे कापलेला दिसला तर तो फुगवलेला असेलच असं नाही, रेडिओवरून घेतला म्हणून तसा आहे. असे रिप, म्हणजे रेडिओवरून उतरवून घेतलेल्या फाइल, ठेवा, थोडी खरखर असली तरी ठेवा.

४. प्लेयरची सेटिंग नीट करा

पाच मिनिटांचं काम आहे पण न केल्यास चांगल्यातल्या चांगल्या मिक्सचं वाटोळं होतं.

शफल बंद. क्रॉसफेड बंद, कारण स्ट्रीमिंग ॲप बारा सेकंदांपर्यंत दोन ट्रॅक एकमेकांवर चढवतात आणि डीजेने आधीच जोडलेल्या जागी पुन्हा जोड मारला की बीट एकमेकांत अडखळतात आणि आपल्याला वाटतं डीजेच चुकला. गॅपलेस चालू. आवाज एकसारखा करणारी नॉर्मलायझेशन सेटिंग असेल तर ती अल्बमला लावा किंवा सरळ बंद करा, ट्रॅकला लावली तर प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा होतो आणि डीजेने मुद्दाम ठेवलेला चढउतार मोडतो. इक्वलायझरमधला बेस बूस्ट पण काढा.

सीडी स्वतः रिप करणार, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेणार असाल तर ट्रॅक ट्रॅक वेगळे करण्यापेक्षा पूर्ण सीडीची एकच फ्लॅक (आवाजाची क्वालिटी न घटवणारी) फाइल आणि सोबत क्यू शीट असं करा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे करतं. क्यू शीट म्हणजे कोणता ट्रॅक कितव्या मिनिटाला सुरू होतो ते लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल, फूबार ती वाचतो, त्यामुळे ट्रॅकची नावंही दिसतात आणि आवाजही कुठे तुटत नाही.

५. ऐकायचं कसं

पहिल्यांदा काहीही न शोधता, ट्रॅकलिस्ट न उघडता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चालायला जाताना, ट्रेनमध्ये, घर आवरताना, कसंही चालेल, फक्त सलग.

दुसऱ्यांदा जोड शोधा. हाउस, टेक्नो, ट्रान्स यात बहुतेक सगळं चार-चार बीटच्या मापात असतं आणि नवीन आवाज साधारण १६ किंवा ३२ बीटनंतर आत येतात. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ बीट असताना, ३२ बीट म्हणजे बरोबर १५ सेकंद. मोजून बघा एकदा, गंमत वाटेल. आता एखाद्या जोडाकडे कान लावा: आधी चालू ट्रॅकच्या वर एक बारीक हाय-हॅट (छोट्या झांजेचा आवाज) येते, ती त्या ट्रॅकची नसते, पंधरा-वीस सेकंद नुसती तीच. मग नव्या ट्रॅकची किक हळूच जुन्या किकवर बसते, दोन्ही एकच वाटतात. आणि मग ३२व्या बीटला डीजे एका हाताने जुन्याचा बेस कापतो, दुसऱ्या हाताने नव्याचा सोडतो. ट्रॅक बदलतो पण पाय थांबत नाहीत. ही बेसची अदलाबदल एकदा कानाला सापडली की पुढे प्रत्येक मिक्समध्ये ऐकू येईल, आणि कोण ती सफाईने करतो, कोण धसमुसळेपणाने करतो, कोण मुद्दाम दोन्ही बेस काही सेकंद काढून टाकून सगळ्यांना लटकत ठेवतो, हे आपोआप कळायला लागेल.

तिसऱ्यांदा एकूण आकार बघा. वेग कुठे वाढला, श्वास घ्यायला जागा कुठे दिली, सगळ्यात दमदार ट्रॅक कुठे ठेवला. रात्री अकराला वाजवलेला वॉर्म-अप सेट आणि तीनला वाजवलेला पीक टाइम सेट यांची तुलनाच होऊ शकत नाही. वॉर्म-अपवाल्याचं कामच मुळी गर्दीला पेटू न देता तयार ठेवायचं असतं, तेव्हा 'यात काही घडतच नाही' असं म्हणण्याआधी तो कधी वाजवला गेला होता ते बघा.

आवाजाबद्दल एकच: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आणि आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. तीन-तीन तासांचे सेट हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्या, कान गेले की परत येत नाहीत.

६. आवडलेला ट्रॅक कसा शोधायचा

'१ तास १२ मिनिटाला जो वाजतो तो कोणता?' हा प्रश्न पडणारच. आधी १००१ट्रॅकलिस्ट्स किंवा मिक्सेसडीबी. तिथे जर नावाच्या जागी 'आयडी' एवढंच लिहिलं असेल तर तो ट्रॅक कोणाला ओळखता आलेला नाही किंवा तेव्हा निघालाच नव्हता.

मग शझाम, वाजतंय ते गाणं ओळखणारं ॲप. पण डीजे मिक्सवर शझाम बऱ्याचदा हात टेकतं, कारण एक तर दोन ट्रॅक एकत्र चालू असतात आणि दुसरं म्हणजे वेग बदललेला असतो. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर पिच, म्हणजे रेकॉर्डचा वेग, ८ टक्के वर किंवा खाली नेता येतो. १२५ बीपीएमचा ट्रॅक ४ टक्के वर नेला की १३० होतो, आणि विनाइलवर वेगासोबत सूरही चढतो, ६ टक्क्यांना जवळपास अर्धा सूर. म्हणून शझाम लावायचं तर दोन जोडांच्या मधली, जिथे एकच ट्रॅक मोकळा वाजतोय अशी जागा निवडा, आणि नाहीच जमलं तर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा घेऊन वेग २-४ टक्के खाली आणा आणि परत लावा. अर्ध्या वेळा सापडतं.

ट्रॅक सापडला, पूर्ण ऐकला आणि फिका वाटला, असंही होतं. मिक्समध्ये तो जे करत होता ते आधीच्या आणि नंतरच्या ट्रॅकच्या मधे उभं राहून करत होता.

७. स्वतःची यादी बनवा आणि फाइल सांभाळा

यादीत नुसती नावं नकोत. डीजे, तारीख, जागा किंवा कार्यक्रम, लांबी, फाइल कुठून आली, आणि तुमच्या दोन ओळी, की कोणत्या मिनिटाला काय आवडलं. सहा महिन्यांनी हीच ओळ कामी येते, कारण मिक्सची नावं सगळी सारखीच असतात, लाइव्ह ॲट अमुक, लाइव्ह ॲट तमुक.

एखादा मिक्स तीनदा पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला आवडत्यांत टाकू नका, आणि नावडत्यांतही टाकू नका. जेफ मिल्स पहिल्या फटक्यात डोक्यावरून जाणारे लोक खूप असतात, साशा-डिग्वीड गुळगुळीत वाटणारेही असतात, वर्षभराने मतं बदलतात.

ऑनलाइन आहे म्हणून कायम राहील या भरवशावर मात्र राहू नका. हक्काची तक्रार आली की मिक्स रातोरात उडतो, रेडिओचा एपिसोड अधिकृत जागी ठराविक दिवसच असतो, अपलोड करणाऱ्याचं अकाउंट बंद झालं की त्याचं सगळंच जातं. जिथे डाउनलोड द्यायची परवानगी डीजेनेच दिलेली आहे तिथून लगेच उतरवून घ्या, सीडी मिळत असेल तर विकत घ्या. फाइलचं नाव आधी वर्ष-महिना-दिवस, मग डीजे, मग जागा असं ठेवा म्हणजे फोल्डर आपोआप तारखेने लागतो. टॅगमध्ये ट्रॅकलिस्ट चिकटवून ठेवा, साइट बंद पडली तरी ती फाइलसोबत राहील. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क वर्षातून एकदा लावून दोन-चार फाइल वाजवून बघायच्या.